कासारीच्या उगमाकडे जाताना

जुलै आला की कोल्हापुरात सॅक बाहेर निघतात. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून ज्या वाटेनं विशाळगडाकडे गेले, त्या वाटेनं आजही हजारो माणसं श्रद्धेनं चालतात. मसाई पठार ओलांडून, वाटेतल्या एखाद्या वाडीत रात्र काढून ती पावनखिंडीत पोहोचतात. त्या चालण्याचं मला मोल आहे, म्हणूनच त्या मुक्कामाबद्दल एक विनंती करतो.

ज्या खिंडीत बाजीप्रभू आणि बांदल मावळे लढले, तिथलंच पाणी पुढे कासारी होऊन वाहतं. कासारी प्रयाग चिखलीला पंचगंगेत मिळते. वाटेत काठाकाठानं गावं तिचं पाणी पितात, गुरांना पाजतात, शेताला देतात. खिंडीतल्या झऱ्यात तुम्ही ताट घासलंत, तर तो साबण त्यांच्या पाण्यात जातो. तेव्हा ताट आधी कागदानं पुसा. धुवायचं तर पाणी भांड्यात घेऊन झऱ्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब जा आणि तिथं मातीवर ओता. साबण 'हर्बल' असला तरी हेच करा.

शौचाला वाडीत सोय असेल तर विचारून तीच वापरा. नसेल तर पाण्यापासून तेवढंच लांब, वीतभर खड्डा करून नंतर बुजवा. पावसाळ्यात उघड्यावरचं सगळं एका सरीत ओढ्याला मिळतं.

मसाई पठारावर तर खड्डाही खणता येत नाही. तिथं जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे आणि पावसाळ्यात त्याच थरावर सीतेची आसवं फुलतात. एका तंबूखाली किती रोपं चिरडतात, ते सकाळी तंबू उचलल्यावर दिसतं. तंबू वाडीजवळच्या मोकळ्या जागेत, मालकाला विचारून लावा. चूल मांडायला पठारावरचे दगड उचलू नका. त्यांच्या आडोशाला बेडूक आणि पाली राहतात.

शेकोटीचा मोह सगळ्यांनाच होतो. पण भर पावसात कोरडं लाकूड असतं ते फक्त कुणाच्या तरी पडवीत, आणि ते त्या घराच्या चुलीसाठी चार महिन्यांची बेगमी म्हणून ठेवलेलं असतं. ते मागू नका. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या, म्हणजे शेकोटी लागणार नाही.

आता कचरा. पत्रावळ्या, थर्माकोलच्या वाट्या, पातळ फाटके रेनकोट, ग्लुकोजच्या पुड्या वाटेवर पडतात आणि पुढचा पाऊस त्या ओढ्यात नेतो. राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताट-वाट्यांवर २०१८ पासून बंदी आहे. घरून स्टीलचं ताट-वाटी न्या, बाटली भरून घ्या. जेवण वाडीतच सांगा: गरम भाकरी मिळेल आणि चार पैसे त्या घरात जातील. जो कचरा झालाच, तो वाडीत ठेवू नका. तिथं घंटागाडी येत नाही, तो पेटवला जाईल. पिशवीत घालून कोल्हापूरला परत आणा.

तुमच्या गटात वीस जण असतील तर निघण्यापूर्वी दोघांवर एवढीच जबाबदारी द्या: मुक्काम सोडताना सगळ्यात शेवटी निघायचं आणि जागा पाहून यायचं. रात्री आपण इथं होतो हे त्या जागेवरून कळता कामा नये. ज्यांच्या आठवणीनं आपण चालतो, त्यांच्या भूमीला एवढं तरी आपण देऊ.