दाखला नंतर मागा, आधी वर्गात घ्या

छावणी, पडेगाव, मिटमिटा आणि नागसेनवन परिसरातल्या पालकांनो, शिक्षकांनो, संस्थाचालकांनो,

तेरा वर्षांची एक मुलगी बापाबरोबर आपल्या भागातल्या एका शाळेच्या खिडकीपाशी उभी होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे. चौथीत असताना तिची शाळा सुटली, कारण धाकट्या भावाला कोपीवर सांभाळायला कुणी नव्हतं. दसरा-दिवाळी झाली की गाव सुटायचं ते उन्हाळा लागेपर्यंत. उसाच्या फडात राहायचं, दुपारी वाढं विकायचं, रात्री गाडी भरायला बॅटरी धरायची. त्या फडापासून गावही लांब आणि शाळाही. बोलायला टोळीतली दहा-पंधरा माणसं, तीच. पण या मुलीजवळ एक वही होती. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, खाडे किती पडले, गाडीचं वजन किती भरलं, हे सगळं तिच्या हातचं लिहिलेलं. बाप अडाणी आहे, त्यामुळे मुकादमाशी हिशेब तीच करते.

खिडकीतून प्रश्न आला, "टीसी कुठंय?"

"गावच्या शाळेत नाव कमी केलंय साहेब."

"मग तिकडूनच आणा. आणि एवढी मोठी पोरगी बसवायची कुठल्या वर्गात?"

वहीकडे कुणी पाहिलं नाही. बापलेक परत गेले.

आम्ही स्पष्ट सांगतो, हे बेकायदा आहे. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं चौथं कलम सांगतं की सहा वर्षांवरचं मूल शाळेत गेलेलं नसेल किंवा शाळा अर्धवट सुटली असेल, तर त्याला वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. असं दाखल झालेल्या मुलाला १४ वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिकता येतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. "कुठल्या वर्गात बसवायची" या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे. ते वाचायची तसदी घेतली जात नाही, याचा आम्हाला संताप येतो.

हा संताप छावणीत अधिक यावा, असं आमचं म्हणणं आहे. १९५० च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मराठवाड्यासाठी कॉलेज काढलं, तेव्हा त्याचे वर्ग याच छावणीतल्या लष्करी बराकींत भरले. इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ ला बसली. इमारत होईपर्यंत मुलांनी थांबावं, असं कुणी म्हटलं नाही. निजामाचं राज्य जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. उर्दू माध्यमातून कसंबसं शिकलेली, गावकुसाबाहेर वाढलेली, इंग्रजी कधी कानावर न पडलेली पोरं पत्र्याची पेटी घेऊन येत होती. त्यांना घेतलं, वसतिगृहात ठेवलं, शिकवलं. प्राचार्य म. भि. चिटणीस आणि त्यांचे सहकारी या मुलांना शिकवणं हेच आपलं मुख्य काम मानत होते. तेच मिलिंद महाविद्यालय.

प्र. ई. सोनकांबळे तिथलेच. आईबाप लहानपणी गेले, बहिणीच्या आसऱ्याला राहून गुरं राखली, मोलमजुरी केली. मिलिंदमध्ये शिकून ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले. 'आठवणींचे पक्षी' हे त्यांचं आत्मकथन १९७९ साली पुस्तकरूपानं आलं. गुरं राखणारा पोरगा इंग्रजी काय शिकणार, असं म्हणून त्यांना त्या वेळी परत पाठवलं असतं तर? आज त्याच परिसरात तसंच म्हणून पोरं परत जात आहेत.

"अशी मुलं घेतली की निकाल खाली येतो," असं काही संस्थाचालक खासगीत सांगतात. निकालाच्या टक्केवारीसाठी पोरं गाळणाऱ्या शाळेनं अनुदान कशासाठी घ्यायचं? "सरकारनं वसतिगृहं काढलीत ना," असंही ऐकू येतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, ती चांगलीच आहे, तिचा लाभ घ्यावा. पण वसतिगृहात राहायला आधी शाळेत नाव लागतं, आणि आपल्याकडे गाडी तिथेच अडते.

वय जास्त झालेल्यांसाठीही वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत १४ वर्षं पूर्ण झालेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही स्वतःच्या घोषणापत्रावर दहावीला नाव नोंदवता येतं. लग्न होऊन शाळा सुटलेल्या बायांनी, हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. मात्र फॉर्म भरून कुणी पास होत नाही, शिकवणारं माणूस लागतं. म्हणून आमची मागणी आहे की छावणी आणि नागसेनवनातल्या संस्थांनी संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या वर्गखोल्यांपैकी एक तरी खोली अशा विद्यार्थ्यांना द्यावी. दिवे आहेत, फळा आहे, बाकं आहेत. नागसेनवनात शिकणाऱ्या तरुणांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे शिकवावं. त्यांच्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा त्या बराकींत बसले होते.

हे पत्रक आम्ही गुरुवारच्या बाजारात वाटतो आहोत, कारण ज्यांच्यासाठी ते आहे ती माणसं बैल, शेळ्या आणि भाजी घेऊन तिथेच येतात. ज्याला वाचता येतं त्यानं शेजारच्याला वाचून दाखवावं. मायबापहो, तुमच्या पोरीचं किंवा पोराचं शिक्षण सुटलं असेल तर त्याला घेऊन जवळच्या शाळेत जा. सोबत हे पत्रक न्या. नाही म्हणाले तर वाद घालू नका, तोंडी उत्तर घेऊन माघारीही फिरू नका. तारीख, सही आणि शिक्क्यासह नकार लेखी मागा.

— छावणीतील काही शिक्षक व पालक