दुसरे मत : हक्क कागदावर, किंमत मजुराला

'आणखी एका डॉक्टरांना विचारून येतो,' असे रुग्ण म्हणाला की त्याला संशयी ठरवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मोडली पाहिजे. सहकारी सोसायटीचे हिशेब तपासून घेताना आपण चिटणिसाला चोर म्हणत नाही. शस्त्रक्रिया हवी असे सांगणारा आणि तिचे पैसे घेणारा एकच असेल, तर तपासणी अधिकच आवश्यक ठरते. रोगाची आणि उपचारांची माहिती विक्रेत्याकडे असते, ग्राहक अंधारात असतो. म्हणून वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नव्हे, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच मांडले होते.

या अंधाराची किंमत बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांनी मोजली. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल,' अशी भीती घालून आपले गर्भाशय काढल्याचे अनेकींनी सांगितले. २०१९ साली या प्रकाराचा बोभाटा झाला, तेव्हा शासनाला चौकशी समिती नेमावी लागली आणि तेथील खाजगी रुग्णालयांवर अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचे बंधन आले. बंधन योग्यच, पण परवानगीचा कागद म्हणजे रुग्णाला समजावून दिलेले मत नव्हे.

कायदा रुग्णाच्याच बाजूने आहे, असे सांगण्यात येईल. मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देण्याचे बंधन २००२ च्या नियमावलीने डॉक्टरांवर घातले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या सनदेत दुसऱ्या मताचा हक्क नमूद आहे. परंतु उचल घेऊन तोडीला गेलेल्या बाईने एक खाडा केला, तरी मुकादम दंड लावतो. दुसऱ्या डॉक्टरांची फी, जाण्यायेण्याचे भाडे आणि हा दंड, एवढी त्या हक्काची किंमत. जिला ती परवडत नाही, तिच्यापुरती सनद भिंतीवरच राहते.

हृदयविकाराच्या झटक्यात किंवा अपघातात थांबायला वेळ नसतो, हे खरे. आधी तारीख ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियांना ही सबब लागू पडत नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी दुसरे मत मोफत मिळावे. ते मराठीत, लेखी असावे. आणि त्या दिवसाची मजुरी व भाडे शासनाने द्यावे. तोवर साथींनी रुग्णासोबत जावे आणि अहवालाबरोबर फिल्म व तपासणीच्या काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. भीतीपोटी उठवलेला अंगठा ही संमती नव्हे.