आवडीला जिल्ह्याची हद्द नसते

इंग्रजी चित्रपटांची आवड ही शहरी मिजास, कोकणातल्या माणसाला त्याचे काय, असे गेल्या अंकातील एका पत्रात म्हटले आहे. ते पटले नाही.

माझा सर्वांत आवडता चित्रपट बिल फॉर्सिथ यांचा ‘लोकल हीरो’ (१९८३). अमेरिकी तेल कंपनी रिफायनरीसाठी स्कॉटलंडचे किनारी गाव विकत घ्यायला निघते. गावकरी पैशांच्या हिशेबाला लागतात. पुळणीचा मालक म्हातारा बेन तेवढा बधत नाही. नाणार रिफायनरीच्या आराखड्यात आमच्या देवगड तालुक्यातील गिर्ये-रामेश्वरही होते. तिथल्यांना ही गोष्ट परकी वाटेल?

दुसरा ‘जॉज’ (१९७५). स्पीलबर्गचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडे. म्हणून तो पडद्यावर कमी दिसतो आणि धास्ती वाढते. पण मला आठवतो तो ऐन हंगामात धंदा बुडेल म्हणून किनारा बंद करायला नकार देणारा महापौर. पर्यटनावर पोट असलेल्या मालवणात त्याची अडचण आणि चूक दोन्ही चटकन कळतात.

भाषा अडत असेल तर सबटायटल्स आहेत. पत्रलेखकांनी आपली यादी जरूर द्यावी, आमची मात्र मोडीत काढू नये.

– एक चित्रपटप्रेमी, मालवण