चौकटीच्या बाहेर

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. "ब्लॉग बंद केलास का गं?" असं नात्यातल्या दोघातिघांनी विचारूनही झालं. बंद नाही केला, एका गोष्टीवर अडकले होते. ती आज लिहून टाकते.

माझ्या भाचीचा पुण्यात कपड्यांचा छोटा व्यवसाय आहे. जानेवारीत नव्या कपड्यांचे फोटो काढायला ती कच्छच्या रणात निघाली आणि म्हणाली, "मावशी, तू चल ना, तुला गुजराती येतं." येतं म्हणजे काय, लग्नानंतर चार वर्षं बडोद्यात काढली तेवढंच. पण रण बघायची हौस होती. लगेच बॅग भरली.

रण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. तसं काही नाही. पावसाळ्यात इथे पाणी भरतं, ते आटलं की खाली मिठाचा थर उरतो. म्हणजे पावसात जाता येत नाही, उन्हाळ्यात उभं राहवत नाही, उरतो हिवाळा. भिरंडियाऱ्याला परवाना काढून, धोरडोला मुक्काम करून आम्ही पहाटे अंधारात पांढऱ्या रणात पोचलो. स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर, तरी माझे दात वाजत होते. आणि ती मॉडेल मुलगी बिचारी बिनबाह्यांच्या मलमलीत अनवाणी उभी! कारण कपडे उन्हाळ्याचे. ते मार्चमध्ये विकायला यायचे तर फोटो जानेवारीतच काढायला हवेत. हातावरचा काटा नंतर संगणकावर पुसतात म्हणे. थंडीत कुडकुडत काढलेल्या फोटोंवर आपण उन्हाळी कपडे विकत घेतो, ही गंमत मला त्या दिवशी कळली.

फोटोग्राफर मुलगा मात्र हुशार. सूर्य साडेसातच्या सुमारास वर आला, तेव्हा त्याने मला कॅमेऱ्यात बघायला बोलावलं. एवढं पांढरं समोर असलं की कॅमेरा फसतो, मिठाला राखाडी करून टाकतो, म्हणून मुद्दाम जास्त उजेड घ्यावा लागतो. शिवाय मिठावरून खालूनही उजेड येतो, त्यामुळे हनुवटीखाली सावली पडत नाही. चेहरा काय सुंदर दिसत होता! फॅशनचे लोक इथे का धावतात ते पटलं.

माझ्याकडे दोन कामं. मधेमधे मुलीच्या अंगावर घोंगडी टाकायची आणि चौकटीत दुसरं कोणी येणार नाही हे बघायचं. उंटगाडीवाले, सहलीला आलेले लोक, त्यांची पोरं, सगळ्यांना "भाई, जरा बाजूए" करत होते. फोटोत मैलोन्‌मैल कोणी नाही. फोटोच्या बाहेर जत्रा!

खरी गोष्ट दुपारची. बन्नीतल्या एका गावात मातीच्या गोल घरापुढे फोटो काढायचे होते. त्या घराला भुंगा म्हणतात (आपला भुंगा नव्हे). २००१ च्या भूकंपात ही गोल घरं पक्क्या घरांपेक्षा चांगली टिकली. तर त्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बाई भरतकाम करत बसल्या होत्या. मी माझ्या मोडक्या गुजरातीत त्यांना उठायला सांगितलं. त्यांच्याच ओट्यावरून! त्या उठल्यासुद्धा. पाच मिनिटांनी फोटोग्राफरला वाटलं, त्या मागे असल्या तर रंग छान दिसतील. मी परत बोलवून बसवलं. धूसर दिसतील अशा बेताने. सगळं झाल्यावर त्यांनी मॉडेलचा अजरखचा घागरा बोटांत धरून पाहिला आणि मला किंमत विचारली. मी "खबर नथी" म्हणाले. खबर होती. अकरा हजार. त्यांना आम्ही दोनशे रुपये दिले होते.

गाडीत बसल्यावर भाचीशी वाजलं. तिचं म्हणणं खोटं नाही. तिचा अजरख भुजजवळच्या अजरखपूरहून येतो. भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागले, म्हणून खत्री कारागिरांनी वसवलेलं हे गाव. धुणं, ठसे, नीळ, पुन्हा धुणं असे कितीतरी हात फिरून ते कापड तयार होतं. "फोटो चांगले आले तरच कपडे खपतात, खपले तर त्यांना ऑर्डर जाते. तुझ्या हळहळीने जाते का?" नाही जात. मान्य.

पण मला पैशांपेक्षा दुसरंच टोचत होतं. २००८ च्या ऑगस्टमध्ये 'व्होग'च्या भारतीय आवृत्तीत असेच फोटो आले होते. गरीब घरातल्या बाळाच्या गळ्यात फेंडीचं लाळेरं, अनवाणी माणसाच्या हातात बर्बरीची छत्री. वस्तूंची नावं छापली, माणसांची नाहीत. तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि मीही चहा पिताना "काय हे!" म्हणाले होते. आमचं तर चार माणसांचं काम, तिथेही तेच. मार्चमध्ये आलेल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर मॉडेल, फोटोग्राफर, केस, रंगभूषा, दागिने, सगळ्यांची नावं आहेत. अजरखपूरचं नाव आहे. गावाचं नाही, बाईंचं नाही. "कच्छच्या निर्मनुष्य रणात" असं मात्र सुरुवातीलाच छापलंय. मला विचाराल तर ज्याचा चेहरा घेतला, त्याचं नाव विचारून छापावं, आणि मॉडेलला दिवसाचे पैसे देता तसे त्यालाही तासाचे द्यावेत. बक्षिसी नव्हे, मजुरी. हे काही फार मोठं मागणं नाही. आणि निर्मनुष्य हा शब्द तरी काढा!

हे सगळं भाचीला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं मावशी, नाव छापते. काय नाव होतं त्यांचं?"

मी दोनदा उठवलं-बसवलं, पण नाव विचारलंच नव्हतं. मग आमच्या ड्रायव्हरला फोन केला. तो म्हणाला, "कौनसी वाली, मॅडम? वो चश्मेवाली?"

चष्मा होता का? फोटो मोठा करून बघितला. धूसर आहे, काही कळत नाही. पुढच्या जानेवारीत भाची परत जाणार आहे आणि मीही जाणार आहे. फोटोची एक प्रत पाकिटात घालून ठेवलीय. पाकिटावर अजून काही लिहिलेलं नाही.