खिशात मावेल तेवढे

एस.टी.ने लग्नाला जायचे असले की अम्मी आम्हां चार भावंडांना मिळून एकच ट्रंक देई. आम्ही सगळे कपडे आत कोंबत असू. झाकण लागेना, म्हणून धाकट्याला वर बसवत असू. गावाला पोहोचून ट्रंक उघडली की इस्त्रीचा एकही कपडा धड नसे. अम्मी म्हणायची, "कोंबलेत ना? घाला आता तसेच!"

पुढे २००८ साली मी कॉलेजात असताना हीच चूक पुन्हा केली. या वेळी ट्रंकेच्या जागी एक छोटा म्यूझिक प्लेअर होता आणि कपड्यांच्या जागी गाणी होती.

तो प्लेअर माझ्या अंगठ्याएवढा होता. त्याची क्षमता एक जीबी होती. संगणकावर मात्र माझ्याकडे अठरा जीबी गाणी जमली होती. मित्रांकडून घेतलेली, सीडीवरून उतरवलेली, कोणी दिली म्हणून ठेवलेली. अठरा जीबी म्हणजे किती? साध्या एमपीथ्री फाइलमध्ये एका मिनिटाच्या गाण्याला साधारण एक एमबी जागा लागते. म्हणजे माझ्याकडे सुमारे तीनशे तासांचे संगीत होते आणि खिशात मावत होते जेमतेम सतरा तासांचे.

मुलांनो, इथे थोडा हिशेब करू. गाण्यांची संख्या मोजण्यापेक्षा मिनिटे मोजावीत असे माझे मत आहे. २००१ साली अ‍ॅपल कंपनीने पाच जीबीचा पहिला आयपॉड आणला, तेव्हा "खिशात हजार गाणी" अशी त्याची जाहिरात होती. ही हजार गाणी चार-चार मिनिटांची धरलेली होती आणि ती सेकंदाला १६० किलोबिट या दराने दाबलेली होती. पंचवीस मिनिटांची कव्वाली ऐकणाऱ्याला त्याच डब्यात दीडशेच्या थोड्या वर कव्वाल्या मिळाल्या असत्या. आणि चार मिनिटांचेच गाणे सीडीवर असते तसे, न दाबता ठेवले, तर त्याला सुमारे ४२ एमबी लागतात. मग हजार गाण्यांच्या जागी ११८ गाणी बसतात.

"दाबणे" म्हणजे काय, तेही समजून घेऊ. शाळेची घंटा घणघणत असताना शेजारच्या मुलाची कुजबुज तुम्हांला ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो. कानाची हीच मर्यादा एमपीथ्रीने वापरली आहे. जे झाकले जाणार, ते आधीच काढून टाकायचे किंवा ओबडधोबड लिहून ठेवायचे. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी या कामात मोठा वाटा उचलला. आपली युक्ती तपासण्यासाठी ब्रांडेनबुर्ग सुझान वेगा या गायिकेचे 'टॉम्स डायनर' हे गाणे पुन्हा पुन्हा ऐकत असत. त्यात एकही वाद्य नाही, फक्त माणसाचा आवाज आहे. सुरुवातीला नेमका तोच आवाज बिघडत होता. वाद्यांच्या गर्दीत पुष्कळ काही लपून जाते. एकट्या गळ्याला लपायला जागा नसते. हे मी तेव्हा वाचले असते तर बरे झाले असते.

मी काय केले, ते सांगतो. निवड करायचा मला कंटाळा आला. कोणते गाणे ठेवावे आणि कोणते सोडावे, हे ठरवायला प्रत्येक गाणे ऐकावे लागते. त्यापेक्षा दर कमी करणे सोपे. मी १२८ किलोबिटची गाणी ६४ वर आणली, म्हणजे दुप्पट गाणी मावली. हाव वाढली. काही ३२ वर आणली. आधीच दाबलेली वस्तू पुन्हा दाबली की ती दोनदा बिघडते, हे माझ्या ध्यानात आले नाही. प्लेअर गच्च भरला आणि मी मित्रांना आकडे सांगत फिरलो.

त्या गठ्ठ्यात माझ्या नानांची एक तासाची फाइल होती.

नाना मालेगावात माग चालवत. शुक्रवारी माग बंद असत, तेव्हा ते हार्मोनियम काढत. खालाच्या लग्नात, १९९४ साली, मामूंनी त्यांचे गाणे साठ मिनिटांच्या कॅसेटवर टेप केले होते. नाना २००३ साली गेले. त्यानंतर मामूंनी ती कॅसेट मोठ्या खटपटीने संगणकावर उतरवून घेतली. न दाबलेली फाइल होती ती, तब्बल सहाशे एमबीची. माझ्या प्लेअरची अर्ध्याहून अधिक जागा तिनेच खाल्ली असती. मी ती ३२ किलोबिटवर आणली. सहाशेचे चौदा एमबी झाले. मोठा आनंद झाला! संगणकाची जागा भरत आली होती, म्हणून मूळ फाइल मी पुसून टाकली. मामूंनी आपली प्रत मला देऊन त्यांच्याकडची काढून टाकली होती. कॅसेटला पावसाळ्यात बुरशी धरली होती.

आता कोणी म्हणेल, मग काहीच दाबू नये. माझे तसे म्हणणे नाही. धावत्या एस.टी.त, खिडकीचा खडखडाट चालू असताना, स्वस्त इअरफोन लावून सीडीच्या दर्जाचा आग्रह धरणे ही निव्वळ ऐट आहे. तिथे १२८ किलोबिट पुरे. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. पहिली, निवड टाळण्यासाठी दाबणे. दुसरी, मूळ प्रत नष्ट करणे. मूळ घरी जपून ठेवावे आणि खिशात नक्कल न्यावी. आयट्यून्सवर पुढे तशी सोयच होती: प्लेअरवर उतरताना गाणे १२८ किलोबिटचे होई आणि संगणकावरचे मूळ जसेच्या तसे राही.

निवडीची भीती वाटते, म्हणून एक जुना दाखला देतो. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. त्या काळच्या रेकॉर्डवर सुमारे तीन मिनिटे मावत. मैफलीत अर्धा-पाऊण तास चालणारी चीज तीन मिनिटांत कशी बसवायची? गौहर जान यांनी घाईघाईने सगळे गायले नाही. काय गायचे आणि काय सोडायचे, ते ठरवले. शिवाय शेवटी आपले नाव सांगण्याइतका वेळही त्या राखून ठेवत! मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. त्यांचाही आवाज आपल्यापर्यंत अशाच लहान रेकॉर्डांमधून आला. थोडेच आहे, पण आवाज त्यांचाच आहे. माझ्या प्लेअरमध्ये पुष्कळ होते आणि कोणाचाच आवाज धड नव्हता.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, आता फोनमध्येच १२८ जीबी असतात आणि गाणी इंटरनेटवर मिळतात. मग हा प्रश्न उरलाच कुठे?" तिचे अर्धे म्हणणे खरे आहे. आयपॉडचे उत्पादनही २०२२ मध्ये बंद झाले. सिनेमाची गाणी कुठे तरी मिळतीलच. पण तुझ्या दादीने म्हटलेली लग्नाची गाणी कोणत्या कंपनीकडे आहेत? ती तुझ्या फोनमध्येच आहेत. एकाने व्हिडिओ काढून पाठवला, दुसऱ्याने पुढे धाडला, की वाटेत तो लहान होत जातो. मग "जागा संपली" अशी सूचना येते आणि आपण सर्वांत मोठी फाइल आधी पुसतो. सर्वांत मोठी असते ती बहुधा मूळच.

नानांची ती चौदा एमबीची फाइल आज आमच्या सगळ्या मावसभावंडांच्या फोनमध्ये आहे. जागेची कोणाला अडचण नाही, अशा शंभर फाइली सहज मावतील. मामूंना ती ऐकवली, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हार्मोनियम ओळखू येतो." गाण्याच्या शेवटी मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या आता पत्र्यावर पाऊस पडल्यासारख्या ऐकू येतात.