साडी गार्ड काढा, ट्रॅकवर चला!

या कॉलममध्ये बाइकचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याकडे दीडशे-दोनशे सीसीची, ईएमआयवर घेतलेली, सोमवार ते शुक्रवार ऑफिसला नेणारी गाडी असते. आणि प्रश्न असा, 'हिच्यावर ट्रॅकला जाता येतं का? की त्यासाठी दहा-बारा लाखांची सुपरबाइकच लागते?'

तर मंडळी, येतं. आरामात येतं. मी तर म्हणेन, पहिल्यांदा जायचं असेल तर हीच गाडी घेऊन जा.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते क्लिअर करू, कारण निम्म्या पब्लिकला ती रेस वाटते. रेस नाही बॉस! पोडियम नाही, कप नाही, शॅम्पेन तर नाहीच नाही. एखादा क्लब, ट्रेनिंग स्कूल किंवा बाइक कंपनी दिवसभरासाठी रेस ट्रॅक भाड्याने घेते, आपण एण्ट्री फी भरतो. नवखे, मधले आणि फास्ट असे ग्रुप पाडतात आणि प्रत्येकाला आळीपाळीने पंधरा-वीस मिनिटांचं सेशन मिळतं. समोरून टेम्पो येत नाही, राँग साइडने कुणाचे काका येत नाहीत, वळणावर वाळू नसते आणि म्हैस तर स्वप्नातही नसते. बस्स, एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

रेसिंगची पंढरी दक्षिणेत आहे. चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टईला १९९०पासून चालू असलेला ट्रॅक आहे. सुमारे ३.७ किलोमीटर, १२ वळणं. आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, जुनी मंडळी अजून 'एमएमआरटी'च म्हणतात. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला कारी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. हे नाव एस. करिवर्धन यांचं. भारतात परवडणाऱ्या फॉर्म्युला गाड्या बनवून रेसिंग घराघरात नाही तरी गॅरेजागॅरेजात पोचवणारा हा माणूस १९९५ साली विमान अपघातात गेला. आणि तिसरं म्हणजे ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. २०११ साली तिथे फॉर्म्युला वन आली, २०२३मध्ये मोटोजीपी. नाव मोठं, पण दीडशे सीसीवाल्याने तिथे पहिली चक्कर मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. किलोमीटरभराच्या सरळ पट्ट्यावर थ्रॉटल पिळून टाकीवर झोपून राहायचं आणि लोक शेजारून जाताना बघायचे, यात कसली मजा? कारीसारख्या छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर मात्र छोटी गाडी अशी काही खुलते की बघत राहावं.

पुणेकरांसाठी एक गंमत सांगतो. चेन्नईच्या ट्रॅकला जायला हायवे बदलावा लागत नाही! सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत नॅशनल हायवे ४८ थेट इरुंगट्टुकोट्टईवरून जातो. फक्त साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. दोन दिवसांची सुट्टी असेल तर चालवत जा, नसेल तर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात द्या. टाकी पूर्ण रिकामी, आरसी बुकची कॉपी आणि गोणपाटात नीट बांधलेली गाडी, एवढं लागतं. आणि एवढाही व्याप नको असेल तर काही ट्रेनिंग स्कूल आणि कंपन्या ट्रॅकवर भाड्याने गाडी देतात. पण तुमचा प्रश्न स्वतःच्या गाडीचा आहे ना? मग पुढे वाचा.

ट्रॅकला न्यायच्या आधी गाडी सोलावी लागते. आरसे काढायचे. लेग गार्ड, कॅरिअर काढायचं. आणि साडी गार्ड! मोटर वाहन नियमांनी रस्त्यावरच्या गाडीला मागच्या चाकावर जाळी सक्तीची केली, ट्रॅकवर हीच जाळी नको असते. गाडी आडवी पडली तर असल्या दांड्या डांबरात रुततात आणि सरळ घसरत जायची गाडी कोलांट्या घेते. हेडलाइट, इंडिकेटर, टेल लॅम्पवर टेप मारायची, म्हणजे फुटलंच तर काचा ट्रॅकभर पसरत नाहीत. साइड स्टॅण्ड तारेने बांधा नाहीतर काढून ठेवा. हे सगळं नेहमीच्या गॅरेजमध्ये सांगितलं की मेकॅनिक मामा हमखास विचारतात, 'काय साहेब, गाडी भंगारात काढताय का?' हसू द्या त्यांना. नंतर तेच पोराटोरांना बोलावून दाखवतात.

लिक्विड कूल्ड गाडीवाल्यांनी एक बघायचं. बरेच आयोजक कूलंट काढून नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरायला लावतात. कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर मागून येणाऱ्यासाठी तो साबणच. एअर कूल्डवाले सुटले!

पण पैसे खर्च करायचे खरं ठिकाण म्हणजे ब्रेक. लोक सायलेन्सरवर दहा हजार उडवतात आणि ब्रेक ऑइल तीन वर्षं बदलत नाहीत. हे ऑइल हवेतला ओलावा पीत असतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ऑफिसच्या रस्त्यावर काही जाणवत नाही. ट्रॅकवर दर मिनिटाला तीन-चार वेळा कचकचून ब्रेक मारला की ऑइल उकळतं, वाफ होते आणि लिव्हर स्पंजासारखा आत जातो. नवीन ऑइल आणि निम्म्याहून जास्त शिल्लक असलेले पॅड, याला पर्याय नाही. टायर मात्र स्लिक-बिक काही नको, रोजचे चालतात. फक्त झिजलेले आणि म्हातारे नकोत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, ते वाचा. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवतात, कारण टायर तापला की प्रेशर वाढतं. नक्की किती, ते तिथल्या इन्स्ट्रक्टरला विचारा, नाक्यावरच्या हवावाल्याला नको.

अंगावर काय? लेदर सूट, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, मनगट झाकणारे ग्लोव्हज, बॅक प्रोटेक्टर. सूट महाग असतो हे खरं, पण बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतो. जीन्सवर ट्रॅकवर सोडतच नाहीत, आणि बरोबरच आहे.

सकाळी गाडीची तपासणी होते, मग ब्रीफिंग. हे ब्रीफिंग ऑफिसच्या मीटिंगसारखं झोपेत काढायचं नसतं. पिवळा झेंडा म्हणजे पुढे भानगड आहे, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा फास्ट माणूस येतोय, तुमची लाइन सोडू नका. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळूहळू पिटमध्ये या. काळा तुम्हालाच दाखवला तर समजा मास्तरांनी केबिनमध्ये बोलावलंय.

आणि मग ती पहिली लॅप! पाच वर्षं गाडी चालवणाऱ्यालाही तिथे कळतं की आपल्याला वळण घेता येत नाही. आपण रस्त्यावर वळणात शिरतो, घाबरतो आणि मग आतच ब्रेक दाबतो. ट्रॅकवर शिकवतात ते उलटं. ब्रेक सरळ रेषेत, वळणाआधी. मग बाहेरून आत, वळणाच्या आतल्या टोकाला चाटून पुन्हा बाहेर. थ्रॉटल हळूहळू उघडत जायचा. आणि नजर पुढच्या टोकावर, कारण गाडी तुम्ही बघाल तिकडेच जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात. छोट्या गाडीचा फायदा इथे आहे. ताकदवान गाडीवाला वळणात केलेली चूक सरळ रस्त्यावर धुऊन काढतो. तुमच्या चौदा-पंधरा हॉर्सपॉवरमध्ये ती सोय नाही. वळणात वेग घालवला की तो परत येईपर्यंत चहा पिऊन व्हावा. त्यामुळे वेग न घालवता वळायला शिकावंच लागतं. संध्याकाळपर्यंत टायरच्या कडेची आजवर रस्त्याला न लागलेली पट्टी बारीक होत जाते आणि पोरं मोबाइलवर तिचे फोटो काढतात. गुडघा टेकला नाही तरी चालेल हो, पहिल्या दिवशी तो टेकवायचाही नसतो.

आता कडू गोळी. तुमच्या गाडीचा इन्शुरन्स इथे चालत नाही. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग वगैरे वापर स्पष्ट वगळलेला असतो. 'रेस नव्हती हो, ट्रॅक डे होता' या वाक्यावर क्लेमवाले विरघळतील, या भरवशावर राहू नका. मेडिक्लेम आणि ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतही धाडसी खेळांचं कलम असतं का ते जायच्या आधी वाचा. आयोजकाकडे अॅम्ब्युलन्स, डॉक्टर आणि त्या दिवसापुरतं अपघात कव्हर आहे का ते फी भरायच्या आधी विचारा. उत्तर गोलमाल आलं तर फी भरू नका. आणि गाडी मोडली तर मंगळवारपासून ऑफिसला लोकलने जायची तयारी हवी. ती नसेल तर भाड्याची गाडी घेतलेली बरी.

मग एवढं करून जायचं कशाला? कारण वेगाची खाज खोटी नाही आणि ती कुठेतरी बाहेर पडतेच. रविवारी पहाटे ताम्हिणीत किंवा लवासाच्या रस्त्यावर जा, रात्री पाम बीच रोडला उभे राहा, म्हणजे कुठे पडते ते दिसेल. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. सगळेच काही रेस लावत नव्हते, बरेच जण तर नुसते घरी चालले होते. घाटात रेस लावणारा एकटा पडत नाही, समोरून येणारं कुटुंबही घेऊन जातो. सार्वजनिक रस्त्यावर रेस लावली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण पावती फाडून सुटलेले बहाद्दर आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

ट्रॅकवर जाऊन आलेला माणूस घाटात शहाणा होतो, असं सर्रास सांगितलं जातं. माझ्या ओळखीत दोन्ही नमुने आहेत. एक मित्र परत आल्यावर म्हणाला, 'तिथे चुकून बाहेर गेलो तर मोकळं मैदान होतं. इथे बाहेर दरी आहे.' त्याने रविवारच्या टोळक्यातून नाव काढून घेतलं. दुसऱ्याला वाटलं, आता आपल्याला वळणं येतात. त्याच्या मागे बसायला त्याच्या बायकोने साफ नकार दिलाय, आणि मी तिच्या बाजूने आहे.

म्हणून शेवटच्या सेशननंतर घाई करू नका. तसेही शेवटच्या सेशनमध्येच जास्त लोक पडतात, हात दुखत असतात आणि डोक्यात 'अजून एकच लॅप' असतं. दमला असाल तर ते सोडून द्या, पैसे गेले तर गेले. मग सावलीत बसून टेप सोला, कूलंट परत भरा, टायरची हवा रस्त्याची करा, आरसे घट्ट पिळा, साडी गार्ड लावा. रात्री चेन्नईतच मुक्काम करा. पोटभर इडली हाणून झोपा आणि सकाळी उजाडल्यावर हायवेला लागा, नव्वदच्या आत.