त्या मुलीच्या आईचं पुढे काय झालं?

मैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देते. मला ‘ट्विस्टर’ हा सिनेमा मनापासून आवडतो. उडणाऱ्या गायी, आकाशातून रस्त्यावर आदळणारे ट्रॅक्टर, उचलून फेकली गेलेली घरं, सगळ्यासकट आवडतो. एरवी मी ज्या सिनेमांवर बोलते, लिहिते, त्यांत हा बसत नाही हे मला माहीत आहे. पण गेल्या महिन्यात माझ्या भाचीबरोबर तो पुन्हा पाहिला, आणि तेव्हापासून एक गोष्ट मनात सलते आहे. ती तुमच्यापुढे मांडते.

‘ट्विस्टर’ आला १९९६ साली. दिग्दर्शक यान डी बाँट. कथा-पटकथा मायकेल क्राइटन आणि ॲन-मरी मार्टिन या दोघांची. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात वसंत ऋतूत टोर्नेडो येतात. आपल्या उन्हाळ्यातली वावटळ आठवा. गोल फिरणं तेवढं सारखं, पण हा थेट ढगातून जमिनीपर्यंत उतरतो आणि मोठा असला तर वाटेतली घरं जोत्यापासून उखडून नेतो. या वादळांमागे मोटारी दामटत त्यांचा अभ्यास करणाऱ्या एका चमूची ही गोष्ट. त्यांच्याजवळ ‘डोरोथी’ नावाचा एक पिंप आहे. त्यात शेकडो छोटे संवेदक भरलेले. तो पिंप वादळाच्या वाटेत ठेवायचा, वादळानं संवेदक पोटात ओढून घ्यायचे आणि आतली माहिती बाहेर यायची. म्हणजे आज लोकांना तीन मिनिटं आधी मिळणारी सूचना उद्या पंधरा मिनिटं आधी देता येईल. कल्पना हवेतली नव्हती. ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथल्या सरकारी संशोधन संस्थेनं १९८०च्या दशकात ‘टोटो’ नावाचं असंच एक उपकरण वादळांपुढे ठेवून पाहिलं होतं.

या चमूची प्रमुख आहे डॉक्टर जो हार्डिंग. हेलन हंटनं ती केली आहे. चिखलानं माखलेली पँट, विस्कटलेले केस, हातात नकाशा, आणि पुरुषांनी भरलेला चमू तिच्या शब्दावर गाड्या वळवतो. आम्ही पाचजणी पुण्यात हा सिनेमा पाहायला गेलो होतो, चार मैत्रिणी आणि माझी आई. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, नोकरी आणि मंडळाचं काम यांत बुडालेली. नायिका म्हटली की पावसात भिजणारी, नायकाच्या छातीवर डोकं टेकणारी, हे पाहून कंटाळलेल्या आम्हाला जो म्हणजे केवढा दिलासा वाटला होता! पावसात ही पण भिजते, पण कामावर असताना.

सिनेमा सुटल्यावर आम्ही चहाला थांबलो. आम्ही चौघी एकदम बोलत होतो. आईला इंग्रजी बेताचं कळायचं, पण गोष्ट कळली होती. मध्येच तिनं विचारलं, “त्या मुलीच्या आईचं पुढे काय झालं गं?”

आम्ही हसलो. एकजण म्हणाली, “काकू, गोष्ट तिची नाहीये.” आई “बरं” म्हणाली आणि बशीत चहा ओतून पिऊ लागली.

आईचा प्रश्न सिनेमाच्या पहिल्याच प्रसंगाबद्दल होता. १९६९चा जून, रात्रीची वेळ. वादळ येतं आहे म्हणून नवरा-बायको आणि छोटी जो जमिनीखालच्या तळघरात धावतात. वादळ दार उखडू लागतं. बाप दार धरून ठेवतो आणि दारासकट उडून जातो. मागे राहतात मायलेकी. मुलगी मोठी होऊन शास्त्रज्ञ होते. बापाचा मृत्यू सगळ्या सिनेमाभर तिच्याबरोबर असतो. आई मात्र कथेत पुन्हा येत नाही.

आता या वेळी पाहताना मला काय काय दिसलं ते सांगते.

पहिली गोष्ट जोचीच. तिचा घटस्फोट व्हायचा आहे आणि नवरा बिल कागदांवर सही घ्यायला आला आहे. बिल मूठभर माती हवेत सोडून वादळाची दिशा सांगतो. ती त्याची उपजत देणगी, सगळे तिचं कौतुक करतात. जो त्याच वादळामागे त्याच वेगानं धावते, तर ते तिचं वेड, लहानपणीची भळभळती जखम. भर रस्त्यात बिल तिला ऐकवतो की भूतकाळात जगणं सोड, तुझ्यासमोर काय आहे ते बघ. समोर काय आहे? तर तो स्वतः. पुरुषाला काम आवडतं कारण त्याला ते येतं. बाईला काम आवडत असेल तर तिचं काहीतरी बिनसलेलं असणार! १९९६ साली हा भेद आमच्या ध्यानातही आला नाही. बाईच्या हाती नकाशा दिला यातच आम्ही खूश होतो.

खऱ्या बायकांच्या कथा निराळ्या आहेत. हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी अमेरिकेतली पहिली स्त्री जोॲन सिम्प्सन. १९४९ साली शिकागो विद्यापीठानं तिला ती दिली. पुढे तिनं आयुष्यभर ढगांचा आणि चक्रीवादळांचा अभ्यास केला. आपल्याकडच्या ॲना मणी १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. परदेशातून मागवावी लागणारी हवामानाची उपकरणं इथं बनावीत म्हणून त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले, आणि खात्याच्या उपमहासंचालक पदावरून १९७६ साली त्या निवृत्त झाल्या. डोरोथीचा पिंप पाहताना मला आता त्यांची आठवण होते. आपल्या शहरात या बाईनं वारा, ऊन, पाऊस मोजण्याची साधनं कधीच घडवली होती, आणि आम्ही थिएटरात बसून पडद्यावरच्या शास्त्रज्ञ बाईसाठी टाळ्या वाजवत होतो. या दोघींनी हे काम का निवडलं? मला तरी साधं उत्तर पुरतं. त्यांना त्यात रस होता. पुरुषाच्या बाबतीत तेवढं उत्तर आपल्याला नेहमीच पुरतं.

दुसरी गोष्ट मेलिसाची. बिलची ही होणारी बायको. तीही डॉक्टर आहे, मूल होण्यात अडचण असलेल्या जोडप्यांना सल्ला देते. वादळाच्या धामधुमीतही तिला पेशंटचे फोन येतात, आणि त्या फोनवर हसायचं असं सिनेमानं ठरवलेलं आहे. आम्हीही हसलो होतो. स्वच्छ कपड्यातली, घाबरून किंचाळणारी बाई! या वेळी मला हसू आलं नाही. गाडीवर गाय उडून आली तर किंचाळू नये तर काय करावं? आपल्या माणसाच्या एका सहीपुरत्या कामासाठी ती आली आणि न विचारता मरणाच्या दारात नेली गेली. बिल भर रस्त्यात जोला जे सांगतो, ते गाडीतल्या वायरलेसवरून मेलिसाला ऐकू जातं. त्या रात्री ती शांतपणे निघून जाते. भांडण नाही, रडारड नाही. हा सिनेमातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्या बाईला आम्ही ‘बावळट’ म्हणून निकालात काढलं होतं.

तिसरी मेग मावशी. वाकिटा गावात राहणारी, आधी न कळवता आलेल्या या सगळ्या टोळीला मांस, अंडी, बटाटे रांधून पोटभर वाढणारी. तिच्या अंगणात तिनं स्वतः बनवलेल्या, वाऱ्यावर फिरणाऱ्या धातूच्या कलाकृती आहेत. रात्री वादळ तिचं घर मोडून टाकतं. ढिगाऱ्यातून तिला बाहेर काढल्यावर जो त्या फिरणाऱ्या पात्यांकडे बघते, आणि डोरोथीचं कोडं तिथं सुटतं. संवेदकांना वारा धरायला पंख हवेत! पत्र्याचे डबे कापून पंख बनवले जातात आणि प्रयोग यशस्वी होतो. म्हणजे ज्या गोष्टीवर शोध अडला होता ती एका म्हाताऱ्या बाईच्या अंगणात होती. शेवटी जल्लोष होतो, प्रयोगशाळा कोण चालवणार यावर नवरा-बायकोची लाडिक हुज्जत होते, चुंबन होतं. मेगचं नाव कुणी घेत नाही.

आणि चौथी, जिच्याबद्दल आईनं विचारलं होतं.

इथं थोडं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं. आई तेव्हा बावीस वर्षांची होती, कडेवर आठ महिन्यांचा माझा दादा. शेजारचे लोक ओरडत आले म्हणून तिला कळलं. आमच्या घरात पानशेतची गोष्ट आजही सांगितली जाते, पण ती काकांची. काका छातीएवढ्या पाण्यातून मागे फिरले आणि कागदपत्रांची ट्रंक डोक्यावर घेऊन आले. गोष्ट खरी आहे. ती कागदपत्रं होती म्हणून पुढच्या खेपा वाचल्या. पण ट्रंक आली आणि गोष्ट संपली. त्यानंतर आईनं आणि आजीनं किती आठवडे गाळ उपसला, कुजलेलं धान्य कुठे टाकलं, तापानं फणफणलेल्या पोराला कुणाच्या ओसरीवर निजवलं, मदतीच्या रांगेत कोण उभं राहिलं, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बायकांच्या अदृश्य श्रमांवर मी किती शिबिरांत बोलले असेन! आमच्या बैठका आमच्याच घरी व्हायच्या. आम्ही बाहेरच्या खोलीत बोलत असायचो, आणि स्वयंपाकघरात आई दहाजणींची खिचडी टाकत असायची.

त्या दिवशी चहाच्या टेबलावर तिनं विचारलेला प्रश्न कुणाबद्दल होता, हे मला आता कळतंय. आई जाऊन बारा वर्षं झाली.

कुणी म्हणेल, करमणुकीच्या सिनेमाचं एवढं काय मनावर घ्यायचं? पण या सिनेमानं जगभरात पन्नास कोटी डॉलरच्या जवळपास धंदा केला. एवढी माणसं जी गोष्ट पाहतात, तिच्यातून संकट म्हणजे काय, शौर्य म्हणजे काय, हे नकळत शिकत असतात. या गोष्टीत संकट वादळ येतं तेव्हा सुरू होतं आणि वादळ गेलं की संपतं. ज्यांच्या वाट्याला वादळ गेल्यानंतरचे दिवस येतात त्यांना विचारून बघा, ते केव्हा संपतं. आणि शौर्य? वादळापाठी धावणं हे शौर्य आहेच, मला जो आजही आवडते. पण आम्ही चळवळीतल्या बायकांनीसुद्धा एका जोला डोक्यावर घेण्यासाठी मेलिसाला हसलो, मेगला गृहीत धरलं आणि तिच्या आईला विसरलो. ‘बाहेर पडलेली’ ती आपली, ‘घरात राहिलेली’ ती अजून जागी व्हायची, असा हिशेब आम्ही वर्षानुवर्षं मांडला. तो चुकीचा होता.

२०२४ साली ‘ट्विस्टर्स’ आला. भाचीनं तो आधी पाहिला होता, म्हणून तिला जुना बघायचा होता. नव्या सिनेमातल्या केटचीही सुरुवात जखमेनंच होते, तिचे सोबती वादळात जातात. बाईच्या हुशारीला अजून दुःखाचा दाखला लागतो तर! पण दोन गोष्टी बदलल्या आहेत. शेवटी चुंबन नाही. आणि केटला आई आहे. तिचं शेत आहे, तिला चेहरा आहे, मुलीशी बोलायला शब्द आहेत. अठ्ठावीस वर्षांनी का होईना, आईला सिनेमात जागा मिळाली.

जुना सिनेमा संपल्यावर भाचीनं विचारलं, “मावशी, इतकी गप्प का?” मी तिला आजीचा प्रश्न सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, “मग आजीनं काय केलं होतं पुरानंतर?”

मला तिला धड काही सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आईच्या धाकट्या बहिणीला फोन केला. तिचं वय आता एक्क्याऐंशी आहे. पुराच्या वेळी ती सतरा वर्षांची होती आणि गाळ उपसायला बहिणीकडे येऊन राहिली होती. पुढच्या रविवारी आम्ही दोघी वही घेऊन तिच्याकडे जाणार आहोत.

तुमच्याही घरात पुराची, भूकंपाची, दुष्काळाची एखादी गोष्ट असेल, कुणा काकांची, कुणा आजोबांची. ती ऐकून झाली की आणखी एक प्रश्न विचारा. ज्यांना विचारायचं त्या अजून आहेत तोवर विचारा.